लाल पोटॅश, केळी आणि पोटॅशियम-४०

यावल तालुक्यातल्या एका तरुण केळी उत्पादकाचा प्रश्न आहे. मोबाइलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. केळी किरणोत्सर्गी असते आणि ते पोटॅशियममुळे होतं, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हापासून आईने घरात गरोदर वहिनीचं केळं बंद केलंय. त्यांचं विचारणं असं: लाल पोटॅश, म्हणजे म्युरेट (पोटॅशियम क्लोराइड) हे खत, सोडून नुसत्या शेणखतावर बाग घेतली, किंवा सल्फेटवाल्या पोटॅशकडे वळलो, तर हे किरण कमी होतील का? खाली बारावीतल्या धाकट्या भावाची एक शंका जोडली आहे. मूलद्रव्यांच्या आवर्त तक्त्यात अरगॉन अठराव्या घरात आणि पोटॅशियम एकोणिसाव्या घरात, पण अरगॉनचं अणुभारमान ३९.९५ आणि पोटॅशियमचं ३९.१०. मागचा जड आणि पुढचा हलका, हे कसं?

भाऊ, आधी घरातलं सांगतो. वहिनींचं केळं आजच सुरू करा. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या किंवा साखरेच्या कारणाने बंद केलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याकडे पुढे येतो. किरणांच्या भीतीने बंद केलं असेल, तर त्या भीतीला आधार नाही. व्हिडिओत सांगितलेली मूळ गोष्ट मात्र खरी आहे. केळीत किरणोत्सर्गी पोटॅशियम असतंच. म्हणून 'अफवा आहे, सोडा' एवढं म्हणून मी थांबणार नाही.

फैजपूर-सावदा पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि घरी वडिलांच्या वेळेपासून केळी आहे. वर्गात पोटॅशियमचा अणू फळ्यावर काढायचा आणि संध्याकाळी मळ्यात त्याच पोटॅशियमचं पोतं फोडायचं, असं आयुष्य गेलं. या दोन्ही जागी एक गैरसमज मला सारखा भेटला. लोकांना वाटतं की किरणोत्सर्ग ही पोटॅशियममध्ये मिसळलेली बाहेरची घाण आहे. दुधात पाणी घालावं तशी कारखान्यात पडलेली भेसळ. भेसळ म्हटलं की चांगला माल आणि वाईट माल असे दोन प्रकार आलेच, मग शेणखतातला पोटॅश शुद्ध आणि पोत्यातला अशुद्ध असा हिशेब डोक्यात बसतो. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, आणि ते सोडवायला अणूच्या आत जावं लागतं.

पोटॅशियमचा अणू म्हणजे मध्यभागी १९ प्रोटॉनांचं केंद्रक आणि बाहेर १९ इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन थरांनी राहतात: २, ८, ८ आणि सगळ्यात बाहेर एकटा १. अंतरांचा अंदाज यावा म्हणून मुलांना मी एक चित्र सांगायचो. दहा एकरांचा मळा घ्या आणि त्याच्या बरोबर मध्यावर ज्वारीचा एक दाणा ठेवा. दाणा म्हणजे केंद्रक, मळ्याचा बांध म्हणजे अणूची कड. अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यात आहे, आणि अणूचा बाहेरच्या जगाशी असलेला सगळा व्यवहार बांधावर होतो.

बांधावरच्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनवरच पोटॅशियमचा स्वभाव ठरतो. तो इलेक्ट्रॉन पटकन सुटतो आणि मागे राहतो धन भाराचा आयन. हम्फ्री डेव्हीने १८०७ साली वितळलेल्या क्षारातून वीज सोडून हा धातू पहिल्यांदा सुटा केला. पाण्यात टाकला की तो फिकट जांभळ्या ज्योतीने पेट घेतो, तोही याच इलेक्ट्रॉनमुळे. मातीच्या कणाला चिकटणं, पाण्यात विरघळणं, मुळातून आत शिरणं, पानात साखर तयार होताना आणि ती घडाकडे जाताना मदत करणं, ही सगळी कामं बाहेरच्या थराची. निसवण झाल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, आपण घडाच्या भरणीसाठी पोटॅश सोडतो, तेव्हा विकत आणतो ते इलेक्ट्रॉनांचे गुण.

आता मळ्याच्या मधला दाणा. त्यात १९ प्रोटॉन असलेच पाहिजेत, नाहीतर ते पोटॅशियमच नव्हे. एक कमी झाला की अरगॉन, एक वाढला की कॅल्शियम. पण प्रोटॉनांसोबत केंद्रकात न्यूट्रॉनही असतात, त्यांना भार नसतो आणि त्यांची संख्या थोडी इकडेतिकडे चालते. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये तीन तऱ्हेचे अणू सापडतात. २० न्यूट्रॉनवाला पोटॅशियम-३९ सुमारे ९३.२६ टक्के, २२ न्यूट्रॉनवाला पोटॅशियम-४१ सुमारे ६.७३ टक्के, आणि २१ न्यूट्रॉनवाला पोटॅशियम-४० फक्त ०.०११७ टक्के, म्हणजे दहा हजारांत जेमतेम एक. तक्त्यात तिघांची जागा एकच, म्हणून त्यांना समस्थानिक म्हणतात. 'आयसोटोप' हा शब्द फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ साली रूढ केला. मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी तो त्यांना सुचवला होता. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'तीच जागा' असा होतो.

किरणोत्सर्गी आहे तो फक्त मधला, पोटॅशियम-४०. असं का? केंद्रकात प्रोटॉनांना प्रोटॉनांशी आणि न्यूट्रॉनांना न्यूट्रॉनांशी जोडी करून राहायला मानवतं. पोटॅशियममध्ये प्रोटॉन १९, म्हणजे एक प्रोटॉन बिनजोडीचा राहणारच. न्यूट्रॉन २० किंवा २२ असले तर निदान त्यांच्या जोड्या पूर्ण होतात. २१ झाले की तिकडेही एक एकटा उरतो. दोन्हीकडे विषम संख्या असलेली केंद्रकं निसर्गात क्वचितच टिकतात. हलक्या मूलद्रव्यांत अशी टिकाऊ केंद्रकं चारच आहेत: ड्यूटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४.

मग पोटॅशियम-४० अजून संपलं कसं नाही? त्याचं अर्धायुष्य, म्हणजे असलेल्यांतले निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं आहे. हे मला शिकवायला फार आवडायचं, पण अभ्यासक्रमात त्याला वेळच नसायचा. प्रत्येक केंद्रकाला फिरकीचा (इंग्रजीत स्पिन) एक ठरलेला आकडा असतो. पोटॅशियम-४० चा आकडा ४, आणि ते ज्या कॅल्शियम-४० मध्ये बदलतं त्याचा शून्य. बदल घडायचा तर मधली चारची फिरकी बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनने आणि अँटिन्यूट्रिनो नावाच्या अतिहलक्या कणाने उचलून न्यावी लागते. एवढ्या हलक्या कणांना ते फार अवघड आहे. दार आहे, पण इतकं अरुंद की त्यातून बाहेर पडणं क्वचित जमतं. म्हणून हे केंद्रक अस्थिर असूनही कोट्यवधी वर्षं रेंगाळतं.

ते बदलतं दोन वाटांनी. शंभरातली सुमारे ८९ केंद्रकं बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर टाकून कॅल्शियम-४० होतात. उरलेली ११ स्वतःच्याच अणूतला सगळ्यात आतला एक इलेक्ट्रॉन गिळतात आणि अरगॉन-४० होतात. या दुसऱ्या वाटेवर सहसा एक गॅमा किरणही सुटतो. प्रयोगशाळेत १४६१ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला जी रेषा दिसते ती हीच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. झाडाचं मूळ मातीतून पोटॅशियम घेतं तेव्हा ते अणूच्या बांधाशी व्यवहार करतं. मध्ये ज्वारीच्या दाण्यात न्यूट्रॉन २० आहेत की २१, हे त्याला कळत नाही. काटेकोर सांगायचं तर वजनातल्या फरकाने अगदी किंचित डावं-उजवं होतं. हायड्रोजनसारख्या हलक्या मूलद्रव्यात हा फरक चांगला जाणवतो, कारण तिथे वजन थेट दुप्पट होतं. पोटॅशियममध्ये ३९ आणि ४० यांत अडीच टक्क्यांचा फरक, तो मोजायलाही फार नाजूक यंत्रं लागतात. शेताच्या पातळीवर तिघे एकच.

म्हणून शेणखतातलं पोटॅशियम आणि लाल पोत्यातलं पोटॅशियम यांत पोटॅशियम-४० चं प्रमाण सारखंच असतं. गाईने चारा खाल्ला, चाऱ्याने ते मातीतून घेतलं, मातीत ते खडकातून आलं. पोत्यातला पोटॅशही कारखान्यात घडवलेला नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवानसारख्या ठिकाणी कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ जमिनीखाली आहे, ते खणून काढतात. लाल रंग त्यातल्या लोहाच्या अंशाचा, त्याचा किरणांशी संबंध नाही. आजी ज्या राखेने भांडी घासायची त्या राखेतही हेच तीन समस्थानिक याच प्रमाणात होते. सल्फेट ऑफ पोटॅश घेतलं तर पोटॅशियमचा जोडीदार बदलतो, पोटॅशियम बदलत नाही. म्युरेट घ्यायचं की सल्फेट हे जमिनीतली क्षारता, विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड, गंधकाची गरज आणि तुमचा खर्च यांवर ठरवा. झाडामागे २०० ग्रॅम पालाश ही शिफारस सगळ्यांना पाठ असते, पण तुमच्या मातीला नेमकं किती हवं ते माती परीक्षणाचा कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पावसाळ्यात लावलेल्या मृगबागेचं आणि त्यानंतर लावलेल्या कांदेबागेचं वेळापत्रकही वेगळं असतं.

इथवर आलोय तेवढं एकदा धरून ठेवा: रसायन बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं, किरणोत्सर्ग आतल्या केंद्रकाचा, आणि झाड फक्त बाहेरचं ओळखतं.

हीच गोष्ट उलट बाजूनेही दिसते. अणुभट्टीच्या अपघातात सीझियम-१३७ बाहेर पडतं, त्याची लोकांना भीती वाटते आणि ती योग्य आहे. सीझियम तक्त्यात पोटॅशियमच्याच स्तंभात बसतं, बाहेर तसाच एकटा इलेक्ट्रॉन. झाडाचं मूळ त्याला पोटॅशियम समजून आत घेतं. म्हणून २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर तिथल्या भातशेतीत काय टाकलं, तर पोटॅश खत. मातीत खरं पोटॅशियम भरपूर असलं की पिकात सीझियम कमी शिरतं. ज्या पोटॅशला तुम्ही घाबरताय तेच तिथे पीक राखायला वापरलं गेलं.

आता आकडे. १ ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ केंद्रकं बदलतात, म्हणजे ३१ बेकेरेल. मध्यम केळात पोटॅशियम ०.४ ग्रॅमच्या आसपास, तर एका केळात सेकंदाला बारा-तेरा बदल. पन्नास किलोच्या पोत्यात ६० टक्के पालाश (हे पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजतात) धरलं तर शुद्ध पोटॅशियम साधारण २५ किलो भरतं, म्हणून पोत्याचा आकडा पावणेआठ लाखांच्या घरात जातो. व्हिडिओवाले हा आकडा दाखवून घाबरवतात. पण सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात स्वतःचंच सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे सेकंदाला चार हजारांहून जास्त बदल. तुमच्यात, माझ्यात, वहिनींच्या अंगातही. केळं न खाणाऱ्यातसुद्धा.

याहून महत्त्वाचं म्हणजे शरीर पोटॅशियमचा साठा वाढू देत नाही. पेशींना लागतं तेवढं ठेवतं आणि जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. आज दोन केळी जास्त खाल्ली म्हणून अंगातलं पोटॅशियम-४० वाढून राहत नाही. जे आत येतं तेवढंच जुनं बाहेर जातं. अंगातल्या पोटॅशियम-४० मुळे मोठ्या माणसाला वर्षाला सुमारे ०.१७ मिलीसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा मिळते. माती, हवा, आकाश आणि अन्न मिळून नैसर्गिक मात्रेची जागतिक सरासरी २.४ आहे. केळी सोडून दिली तरी तो ०.१७ तसाच राहील, कारण भाकरी, वांगी, डाळ, दूध यांतूनही शरीर आपल्याला हवं तेवढं पोटॅशियम घेणारच. भरताचं वांगंही पोटॅशियमवालंच.

अपवाद सांगतो म्हटलं होतं. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो. अशा रुग्णांना डॉक्टर केळं बंद करतात ते रसायनासाठी, म्हणजे पुन्हा बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या गुणांसाठी. केळ्यातलं सगळं पोटॅशियम-४० काढून टाकलं तरी त्यांना केळं वर्ज्यच राहील. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर किती केळी खायची हेही डॉक्टरच सांगतील.

आता धाकट्याची शंका. ती मला फार आवडली, कारण तिचं उत्तर आपल्या पायाखाली आहे.

तक्त्यातला क्रम वजनाने ठरत नाही, प्रोटॉनांच्या संख्येने ठरतो. मेंडेलीव्हने १८६९ साली मांडणी केली तेव्हा हातात वजनंच होती. १८९४ मध्ये अरगॉन सापडला आणि वजनाने तो पोटॅशियमच्या पुढे जाऊ लागला. वायूसारखा वायू क्षारधातूंच्या रांगेत बसवायचा का, असा पेच पडला. १९१३ साली हेन्री मोझली यांनी क्ष-किरणांच्या मोजमापावरून दाखवलं की खरा क्रमांक केंद्रकावरच्या भाराचा असतो, आणि कोडं सुटलं. दोन वर्षांनी, वयाच्या २७ व्या वर्षी, ते पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले.

राहिला प्रश्न अरगॉन जड का याचा. हवेत ०.९३ टक्के अरगॉन आहे आणि त्यातला ९९.६ टक्के अरगॉन-४०. हा आला कुठून? पृथ्वीच्या खडकांतल्या पोटॅशियम-४० मधून, वर सांगितलेल्या त्या अकरा टक्क्यांच्या वाटेने. ताऱ्यांमध्ये अरगॉन मुख्यतः ३६ वजनाचा असतो. पृथ्वीवरचा जड निघतो कारण तो बहुतेक पोटॅशियमचं अपत्य आहे. पोटॅशियममध्ये मात्र ३९ वाल्यांचीच गर्दी, म्हणून त्याची सरासरी ३९.१०. बाप हलका आणि लेक जड असं दिसतं ते यामुळे. तुमच्या घरातले दोन प्रश्न, केळीचा आणि तक्त्याचा, एकाच ०.०११७ टक्क्यांभोवती फिरतात.

आणि पायाखाली म्हणालो ते असं. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जो काळा दगड दिसतो, तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तापीकाठी गाळाचा जाड थर आहे, पण त्याखाली तोच. हे वय काढण्याच्या मुख्य रीतींपैकी एक पोटॅशियम आणि अरगॉनची आहे. लाव्हा पातळ असताना त्यातला वायू निघून जातो, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. दगड थिजला की पोटॅशियम-४० पासून तयार होणारा अरगॉन आत अडकत जातो. हिशेब करून पाहा: तेव्हा १००० पोटॅशियम-४० अणू असतील तर आजवर सुमारे ३६ बदलले, त्यांतले जेमतेम चार अरगॉन झाले. उरलेल्या बत्तीसांचं कॅल्शियम झालं, पण ते मोजून उपयोग नाही, कारण दगडात आधीच साधं कॅल्शियम-४० भरलेलं असतं आणि हे बत्तीस त्या गर्दीत हरवतात. चार अरगॉनच साक्ष देतात. दगड नंतर तापला असेल किंवा कुजला असेल तर अरगॉन निसटतो आणि वय चुकतं, म्हणून नमुना ताजा, न झिजलेला निवडावा लागतो.

हीच केंद्रकं बदलताना थोडी उष्णताही देतात. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेत युरेनियम आणि थोरियमसोबत पोटॅशियम-४० चा वाटा आहे. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी हे पोटॅशियम आजच्या सुमारे बारा पट होतं. चोपड्याकडे उनपदेवच्या कुंडात हात घालाल तेव्हा त्या उबेत याचाही अंश आहे.

धाकट्याला बारावीसाठी प्रकल्प हवा असेल तर एक सांगतो, आमच्याकडे मुलांनी केलेला आहे. महाविद्यालयात गायगर मोजणीयंत्र असेल तर आधी नुसत्या हवेतली मोजणी घ्या. आमच्या यंत्रावर ती मिनिटाला वीस-पंचवीस यायची. मग मिठाची पुडी ठेवा, आकडा हलणार नाही. तेवढ्याच वजनाची पोटॅशियम क्लोराइडची पुडी ठेवा, तो चढेल. अख्खं केळं ठेवलं तर काही दिसणार नाही, पोटॅशियम थोडं आणि बीटा कण गरातच अडतात. पहिल्या वर्षी मुलांनी एकेक मिनिटच मोजलं आणि आकडे इतके वरखाली झाले की काहीच ठरेना. दहा-दहा मिनिटं मोजा. २५० मोजण्यांत पंधरा-सोळाचा चढउतार नुसत्या योगायोगानेच येतो, फरक त्याहून बराच मोठा असेल तरच तो खरा धरायचा.

मग केळीच्या साली उन्हात कडक वाळवून लोखंडी पाटीत जाळा, पांढरी होईपर्यंत. त्या राखेची पुडी यंत्राखाली ठेवा, आकडा वर जाईल. राख पाण्यात ढवळून गाळा, पाणी आटवा, खाली जो खार उरतो तो ठेवा, अजून वर जाईल. एक वाफा शेणखताचा आणि एक लाल पोटॅशचा, दोन्हींच्या सालींचा खार वेगळा काढा, त्यातलं पोटॅशियम महाविद्यालयात मोजून घ्या आणि दर ग्रॅम पोटॅशियममागे मोजणी किती येते ते आईसमोर मांडा.